स्वप्न आणि ओळंबा

प्रतिभेचा उगम कोठे होतो, हा प्रश्न फार जुना आहे. ध्यानात डोळे मिटलेले असता, अथवा जागृती आणि निद्रा यांच्या सीमेवर मन रेंगाळत असता, एखादी कल्पना अकस्मात उजळते. आणि ती आपण रचली नसून आपणांस कोणी दिली, असे निर्मात्यास वाटते. या अनुभवाची चर्चा बहुधा काव्याच्या संदर्भात होते. परंतु जेथे कल्पना चुकली तर भिंत ढासळते, त्या वास्तुकलेत तो अनुभव अधिक कसून पारखता येतो. जयपूरचे विद्याधर नगर हे अशा पारखीस योग्य स्थळ होय.

या वसाहतीस ज्याचे नाव दिले आहे तो विद्याधर भट्टाचार्य आंबेरच्या दरबारातील बंगाली ब्राह्मण. हिशेबतपासणीच्या कामातून तो वर आला. सवाई जयसिंगाने 1727 साली जयपूर वसविण्यास आरंभ केला, तेव्हा त्या आखणीत विद्याधराचा वाटा मोठा होता. नऊ चौकोनांचे मंडल हा त्या नगराचा पाया मानला जातो. मंडल ही मुळात ध्यानाची आकृती. विखुरलेले चित्त मध्यबिंदूशी आणण्याचे ते साधन. मात्र वायव्येचा चौकोन जेथे यावयाचा तेथे डोंगर उभा होता. तेव्हा तो आग्रह सोडून पूर्वेच्या अंगास एक चौकोन जोडण्यात आला. आकृती चिंतनातून आली खरी. पण डोंगराचे म्हणणेही ऐकले गेले.

भारतीय शिल्पपरंपरेत या दोन्ही गोष्टींना स्थान आहे. मूर्ती घडविणाऱ्याने ध्यानयोगात निष्णात असावे, असे शुक्रनीतिसार सांगतो; आणि तीच परंपरा मूर्तीच्या प्रत्येक अवयवाचे तालमानही काटेकोरपणे ठरवून देते. ध्यानाने रूप दिसावे आणि मापाने ते दगडात उतरावे, असा हा संकेत आहे.

सुमारे अडीच शतकांनंतर, 1980 नंतरच्या दशकात, जुन्या तटबंद शहराच्या वायव्येस विद्याधर नगर वसविण्याचे ठरले. त्याचा आराखडा बाळकृष्ण दोशी यांनी केला. दोशींचा जन्म 1927 साली पुण्यात, लाकडी सामान घडविणाऱ्या एका गुजराती कुटुंबात झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून 1951 साली ते पॅरिसला ल कॉर्बूझिए यांच्या हाताखाली दाखल झाले. विद्याधर नगरासाठी त्यांनी जुन्या जयपुराची चौकट, तेथील चौक आणि सावलीचे रस्ते यांचा अभ्यास केला; ऊन, वारा आणि पाणी यांचा हिशेब मांडला. कागदावरचे सारेच जमिनीवर उतरले नाही. परंतु परंपरेचे चिंतन आणि विज्ञानाची मोजदाद यांची सांगड घालण्याचा तो मोठा प्रयत्न होता.

याच दोशींच्या आयुष्यात स्वप्नाचीही एक कथा आहे. पंढरपुरात जन्मलेले चित्रकार मकबूल फिदा हुसेन यांच्या चित्रांसाठी अहमदाबादेत भूमिगत वास्तू उभारावयाची होती. तेव्हा विष्णूचा कूर्मावतार आपल्या स्वप्नात आला, असे दोशी सांगत. 1995 च्या सुमारास पूर्ण झालेल्या त्या गुंफेची घुमटाकार छपरे खरोखरच कासवाच्या पाठीसारखी आहेत. पण स्वप्न तेथे संपले आणि काम सुरू झाले. लोखंडी जाळी आणि सिमेंट यांची जेमतेम इंचभर जाडीची कवचे उभी राहतील कशी, याचे उत्तर संगणकावरील गणिताने दिले. आणि ती साध्या हत्यारांनी उभारली आदिवासी मजुरांनी.

फ्रेंच गणिती आंरी प्वँकारे यांनी 1908 साली आपला असाच अनुभव सांगितला होता. प्रवासात गाडीच्या पायरीवर पाऊल ठेवताक्षणी त्यांना एक अडलेले गणित उलगडले. मात्र त्यापूर्वी कित्येक दिवस ते त्याच प्रश्नाशी झुंजत होते, आणि घरी परतल्यावर त्यांनी ते रीतसर पडताळूनही पाहिले. विसाव्यात मन काम करते हे खरे. पण कामाविना आलेला विसावा रिकामाच राहतो.

याचा विसर पडला तर दोन्हीकडून हानी होते. केवळ साक्षात्काराचे गोडवे गाणारा समाज हिशेबनिसाला आणि गवंड्याला विसरतो. केवळ घाम मोजणारा समाज निवांतपणाला आळस ठरवितो, आणि मग त्याच्या शहरांत बसून विचार करण्यास एक ओटाही उरत नाही.

अकराव्या शतकात मम्मटाने काव्यनिर्मितीसाठी तीन गोष्टी सांगितल्या: जन्मजात शक्ती, लोक-शास्त्रांच्या अवलोकनाने येणारी निपुणता आणि जाणत्यांच्या शिकवणीखाली केलेला अभ्यास. परंतु ही तीन कारणे आहेत, असे तो म्हणत नाही. तिन्ही मिळून तो एकच कारण मानतो, आणि त्यासाठी त्याने एकवचन योजले आहे. जयपूरच्या त्या सरकलेल्या चौकोनातही तेच एकवचन वाचावयास मिळते.