पोळेतले घर

'पोळ' म्हटले की महाराष्ट्रातून आलेल्या आमच्या पाहुण्यांना मोकाट हिंडणारा वळू आठवतो. आम्हा बडोदेकरांना आठवते ती अरुंद गल्ली, तिच्या तोंडाशी असलेला दरवाजा आणि एकमेकांना खेटून उभी असलेली घरे. संस्कृत 'प्रतोली' म्हणजे वेशीचा दरवाजा, त्यावरून हा शब्द आला. पोळेचा खरा विस्तार पाहावा तो अहमदाबादेत.

१४११ मध्ये अहमदशहाने वसवलेल्या या शहराला पुढे तट झाला. वस्ती वाढली तरी आतली जमीन वाढणार नव्हती. घराचा आकार त्यातूनच ठरला: तोंडाला बारा-पंधरा फूट, आत मात्र त्याच्या तिप्पट-चौपट लांब, आणि दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी लागून. मग उजेड-वारा यावा कोठून? तो वरून घेतला. घराच्या मध्यावर आभाळाला उघडा चौक ठेवला आणि खोल्यांची तोंडे त्याच्याकडे वळवली. तापलेली हवा तेथून वर निघून जाते. चौक आपल्या वाड्यातही असतो. पण ऐसपैस जागेवर वाडा बांधणे निराळे आणि बोळकांडीएवढ्या जागेतून चौकापुरती जमीन मोकळी सोडणे निराळे.

पुढे ओटलो, मग खडकी, मग चौक, त्यामागे परसाळ आणि अगदी आत ओरडो. मराठी माणसाला यासाठी फारसा कोश उघडावा लागत नाही. परका माणूस ओटल्यावर थांबे, कामाचा माणूस खडकीत बसे, आप्त चौकापर्यंत येत, ओरडो घरच्यांचा. पण हा आडोसा घराला होता, माणसाला नव्हता. नव्या सुनेला चार अश्रू ढाळायला कोपरा मिळत असेल, असे मला तरी वाटत नाही. या घरांचे गोडवे गाणारे एवढे विसरतात.

चौकाखाली चुन्याचा गिलावा केलेले टाके असे. छपरावरचे पावसाचे पाणी नळीने त्यात उतरे आणि झाकणाखालच्या अंधारात वर्षभर टिके. मुलांची सहल घेऊन गेलो असता एका वृद्ध बाईंनी झाकण उचलून आम्हांला तांब्याभर पाणी काढून दिले होते. होळी होऊन गेली होती, तरी पाणी गार होते.

१७५३ मध्ये रघुनाथराव आणि दमाजी गायकवाड यांनी हे शहर घेतले आणि त्याचा वसूल पेशवे-गायकवाडांत वाटला गेला. रायखडमधील गायकवाड हवेली ही त्या अमलाची खूण. राज्ये गेली, घरे राहिली. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात शहराच्या नव्या भागांत सिमेंटच्या बहुमजली इमारती कोसळल्या. विटांत लाकूड गुंफलेली ही जुनी घरे बहुतांशी उभी राहिली.

२०१७ मध्ये युनेस्कोने या जुन्या शहराला जागतिक वारशाचा मान दिला. त्यानंतर मी पुन्हा तेथे गेलो. त्या बाई नव्हत्या. मुले साबरमतीपलीकडे राहायला गेलेली, घर कापडाच्या गठ्ठ्यांनी भरलेले. माल भिजू नये म्हणून चौकावर पत्रा टाकला होता, आणि टाक्याच्या झाकणावरही गठ्ठेच होते.