अंतर वाढले, वेळ घटला: दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को

१६ ऑक्टोबर २०१६ रोजी, रविवारी पहाटे, एअर इंडियाचे बोइंग ७७७ विमान दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघाले. तोपर्यंत हे उड्डाण युरोप आणि अटलांटिक महासागरावरून पश्चिमेकडे जात असे. सुमारे १३,९०० किलोमीटरच्या त्या प्रवासास साडेसोळा तास लागत. त्या दिवशी वैमानिकांनी नेमकी उलटी दिशा धरली. पूर्वेकडे जाऊन, प्रशांत महासागर ओलांडून विमानाने सुमारे १५,३०० किलोमीटर अंतर कापले, आणि तरीही ते साडेचौदा तासांत पोहोचले. वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडल्यामुळे प्रवासी उतरले, तेव्हा तेथे रविवारचीच सकाळ होती.

चौदाशे किलोमीटर अधिक आणि दोन तास कमी! शाळेतल्या काळ-काम-वेगाच्या गणितात हे बसत नाही असे वाटेल. बसते, मात्र वेग कशाच्या सापेक्ष, हे आधी विचारावे लागते. विमान हवेतून उडते आणि हवा स्वतःच वाहत असते. वरील आकड्यांचा भागाकार केला, तर जमिनीच्या सापेक्ष सरासरी वेग जुन्या मार्गावर ताशी सुमारे ८४० किलोमीटर येतो, नव्या मार्गावर १,०५५. हा फरक मुख्यतः वाऱ्याचा. एवढे मोठे विमान तासाला सात टनांच्या आसपास इंधन जाळते, हे ध्यानात घेतले की दोन तासांची किंमत कळते.

या वाऱ्याचा इतिहास काहीसा खेदजनक आहे. जपानमधील तातेनो वेधशाळेचे प्रमुख वासाबुरो ओइशी यांनी १९२०च्या दशकात फुगे सोडून वरच्या हवेची शेकडो निरीक्षणे घेतली. हिवाळ्यात सुमारे नऊ किलोमीटर उंचीवर ताशी २५० किलोमीटरचा पश्चिमी वारा वाहतो, असे त्यांना आढळले. जगाने ते वाचावे म्हणून १९२६ साली त्यांनी आपला अहवाल एस्पेरांतो या कृत्रिम आंतरराष्ट्रीय भाषेत छापला. आणि ती भाषा जाणणारे थोडेच असल्यामुळे जगाने तो वाचलाच नाही. १९४४ च्या अखेरीस जपानवर आलेल्या अमेरिकी बी-२९ विमानांना हाच वारा भेटला आणि त्यांचे बाँब लक्ष्यापासून भरकटले. त्याच सुमारास जपानने याच वाऱ्यावर सोडलेले स्फोटकवाहू फुगे थेट अमेरिकेपर्यंत पोहोचत होते.

नागरी विमानांना त्याचा लाभ युद्धानंतर मिळाला. १९५२ साली पॅन ॲमच्या विमानाने या जेट प्रवाहाचा आधार घेऊन टोकियो ते होनोलुलू हा अठरा तासांचा प्रवास साडेअकरा तासांत पूर्ण केला.

सगळेच जेट प्रवाह पूर्वेकडे वाहतात असे मात्र नाही. पावसाळ्यात दक्षिण भारतावर, प्रवासी विमानांच्या नेहमीच्या उंचीच्याही वर, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा जेट प्रवाह असतो. त्याचे मूलभूत विवेचन १९५८ साली भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी केले.

दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को मार्गावर मात्र सत्ता पश्चिमी वाऱ्याचीच. म्हणून परतीचे विमान पुन्हा प्रशांत महासागरावरून न आणता अटलांटिकवरून, म्हणजे पूर्वेकडेच, आणणे सोयीचे ठरते. जाऊन येताना पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण होते.