मलेरियाच्या जंतूतलं बटण: १८८० ते २०१४

आजचा भाग मलेरियावर आहे, पण आजचा हिरो डास नाही. आज बोलायचंय खुद्द त्या एकपेशीय जंतूबद्दल.

६ नोव्हेंबर १८८०, अल्जेरियातलं कॉन्स्टंटीन शहर. अल्फोन्स लाव्हेराँ नावाचा फ्रेंच लष्करी डॉक्टर तापाने आजारी असलेल्या एका सैनिकाचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली बघत होता. अचानक एका गोल पेशीतून बारीक धागे बाहेर आले आणि वळवळायला लागले. मलेरिया खराब हवेने होतो, हा जुना समज तिथेच डळमळला. पण हे धागे म्हणजे नक्की काय?

त्याचं उत्तर १८९७ मध्ये मिळालं. विल्यम मॅकॅलमने पक्ष्यांच्या रक्तातल्या अशाच एका परजीवीत पाहिलं, की धागा दुसऱ्या गोल पेशीत शिरतो. म्हणजे धागा नर आणि ती पेशी मादी! त्याच वर्षी २० ऑगस्टला आपल्या सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटाच्या भिंतीत हा जंतू सापडला.

आता गंमत बघा. माणसाच्या रक्तात बहुतेक जंतू फक्त स्वतःच्या कॉप्या काढत बसतात. त्यानेच आपल्याला ताप येतो. पण डासात जाऊन ते टिकत नाहीत. थोडेसेच जंतू नर-मादी रूप घेतात आणि पुढचा प्रवास तेच करतात. दोघांचा डीएनए मात्र अगदी सेम. माझ्या भाषेत सांगायचं तर कोड एकच, पण चालू केलेलं फीचर वेगळं. मग ते चालू कोण करतं?

२००२ मध्ये फाल्सिपेरम या सगळ्यात घातक जातीचा जीनोम वाचून झाला. जनुकं साधारण ५,३०० निघाली, पण जनुकं चालू-बंद करणारी ओळखीची प्रथिनं त्यात फारच कमी दिसली. २००५ मध्ये एपी-२ नावाचं प्रथिनांचं कुटुंब सापडलं आणि वाट मोकळी झाली.

खरा धागा हाती लागला तो बिघडलेल्या जंतूंमुळे. प्रयोगशाळेत डासाशिवाय वाढवलेल्या काही जंतूंची नर-मादी बनण्याची क्षमताच गेली होती. न वापरलेलं फीचर तुटलं, तरी कुणाला कळलं नाही, तसंच हे! २०१४ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं, की या जंतूंमध्ये एपी-२-जी हे एकच जनुक मोडलेलं आहे. मुख्य बटण हेच. एरवी एचपी-१ नावाचं प्रथिन त्याला घट्ट गुंडाळून बंद ठेवतं. थोड्या जंतूंत ते सुटतं, बटण दाबलं जातं आणि त्यानंतर माघार नाही.

याचा तुमच्या-माझ्याशी संबंध काय? फाल्सिपेरमची तयार झालेली नर-मादी रूपं ताप आणत नाहीत आणि ताप उतरवणारी बरीच औषधं त्यांना नीट मारतही नाहीत. म्हणजे पेशंट ठणठणीत, पण त्याला चावलेला डास जंतू घेऊन शेजारच्या घरात! म्हणूनच आपल्याकडे फाल्सिपेरमच्या उपचारात प्रायमाक्विनचा वेगळा डोस असतो. तो स्वतःच्या मनाने घ्यायचा नाही, पण डॉक्टरांनी दिला तर 'आता बरं वाटतंय' म्हणून टाळायचाही नाही. ती गोळी तुमच्या तापासाठी नसते, शेजाऱ्यासाठी असते.

भेटूया पुढच्या भागात!