हंसराज नेच्याची लागवड : एक ऐतिहासिक मागोवा

वसई पूर्वेस गोखिवरे गावामागे तुंगारेश्वरची डोंगररांग आहे. मृगाच्या सरींनंतर कोकणातील अशा सावलीच्या, ओल्या दरडींवर हंसराज हा नाजूक नेचा उगवतो. काळा चकचकीत देठ व अर्धचंद्राकृती पर्णिका ही त्याची ओळख. आयुर्वेदात 'हंसपदी' म्हणून परिचित असलेला हा नेचा औषधासाठी रानातून मुळांसकट उपटला जातो. लागवड शक्य असता असे का व्हावे, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

लिनियसने १७५३ मध्ये त्याला 'आडिआंटम फिलिपेन्स' हे शास्त्रीय नाव दिले. मुंबई प्रांतातील नेच्यांवरील 'द फर्न्स ऑफ बॉम्बे' हा ब्लाटर व द'आल्मेडा यांचा ग्रंथ मात्र १९२२ मध्ये आला. फादर ब्लाटर हे सेंट झेवियर्स महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. या ग्रंथाने इकडील नेच्यांची ओळख पक्की केली. लागवडीची विद्या त्याआधीच अन्यत्र सिद्ध झाली होती.

नेच्याला फूल नाही, बी नाही. मग त्याची वाढ कशापासून होते, हे युरोपात दीर्घकाळ कोडेच होते. जमैकातील शल्यवैद्य जॉन लिंडसे यांनी पानामागील भुकटी पेरून रोपे मिळविल्याचा वृत्तांत १७९४ मध्ये प्रसिद्ध झाला. बीजुकापासून आधी हिरवा, हृदयाकृती गंतुकधारी व त्यावर पुढे नेचा, हे पिढ्यांचे एकांतरण होफमाइस्टर यांनी १८५१ मध्ये उलगडले.

हंसराजाला याहून सोपी वाट आहे. त्याच्या पानाचे लांबलेले टोक ओल्या मातीला टेकले की तेथेच नवे रोप रुजते. पानवेलीचे पेर पुरणाऱ्या वसईच्या वाडीवाल्यास यात नवल वाटू नये! टोकाखाली पालापाचोळ्याच्या खताची कुंडी ठेवावी व मुळे धरल्यावरच ते तोडावे. पावसाळा सरला की पाने वाळतात आणि कुंडी मेली समजून लोक ती फेकून देतात. वस्तुतः मूळखोड जिवंत असते. पाणी कमी करून ज्येष्ठापर्यंत थांबावे.

मग रोप उपटलेच का जाते? प्रस्तुत लेखकाच्या मते याचे कारण अज्ञान नव्हे. रानातले फुकट मिळते आणि कुंडीतल्याला वर्ष लागते. तुंगारेश्वर २००३ मध्ये अभयारण्य घोषित झाले असल्याने परवानगीविना तेथून रोप आणता येत नाही. म्हणून मातृरोपे महाविद्यालयांच्या बागांतच वाढवावी लागतील.