परिचारकाचें शौच व संसर्गाचे मार्ग

रुग्णसेवेचें शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थिनींच्या पाठ्यपुस्तकांत आरंभींच्या ऐतिहासिक प्रकरणांत चरकाचें नांव बहुधा येतें. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत, नवव्या अध्यायांत, परिचारकाचे चार गुण सांगितले आहेत : उपचारांचें ज्ञान, दक्षता, रोग्याविषयीं अनुराग व शौच. यांतील शौच हा शब्द हातीं धरून, आजचा संसर्गप्रतिबंध आमच्या पूर्वजांस अवगत होता, असें विधान पुष्कळ वेळां केलें जातें. आमच्या मतें ही इमारत भलत्या जागीं उभारलेली आहे. आधार हवाच असेल तर तो अन्यत्र आहे, व त्याची मर्यादाहि तेथेंच दिसते.

शौच हा गुणवाचक शब्द आहे. काय धुवावें, केव्हां धुवावें, कोणाच्या रक्षणार्थ धुवावें, हें त्यावरून कळत नाहीं. सोवळ्याची कल्पना रुजलेल्या समाजांत तर तो अधिकच फसवा. कारण सोवळें पाळणारा स्वतःस विटाळापासून जपतो, दुसऱ्यास रोगापासून नव्हे. सुश्रुतानें (सूत्रस्थान ३४) परिचारकास लाविलेल्या विशेषणांत ‘अजुगुप्सु’, म्हणजे किळस न करणारा, असें एक आहे. हें चरकाच्या शौचाशेजारीं ठेवून वाचावें, म्हणजे परिचारकाकडून सोवळें अपेक्षित नव्हतें, हें ध्यानांत येईल.

विद्यार्थिनींपुढें खरोखर ठेवण्याजोगें स्थळ सुश्रुताच्या निदानस्थानांत, पांचव्या अध्यायाच्या अखेरीस आहे. अध्याय कुष्ठाचा असल्यामुळें तिकडे सहसा कोणी वळत नाहीं. तेथें कुष्ठ, ज्वर, शोष, नेत्राभिष्यंद व औपसर्गिक रोग हे एका मनुष्यापासून दुसऱ्याकडे जातात असें सांगून जाण्याचे मार्ग मोजले आहेत : प्रसंग, अंगाचा स्पर्श, निःश्वास, सहभोजन, एकत्र शय्या व आसन, वस्त्र, माला, उटी. ‘प्रसंग’ म्हणजे निकट सहवास कीं मैथुन, हा वाद येथें बाजूस ठेवतों. महत्त्व याचें कीं येथें गुणाची स्तुति नसून मार्गांची गणना आहे. चरकाच्या शारीरस्थानांतील आठव्या अध्यायाचा विधीहि असाच नेमका आहे : बालकाचीं घाम, मळ, जंतु वा मलमूत्र लागलेलीं अंथरुणें टाकावीं, दुसरीं नसतील तर तींच चांगलीं धुवून, धुपवून, कोरडीं करून वापरावीं.

धुपाविषयीं मात्र जपून बोलावें. व्रणितासाठीं सुश्रुतानें सांगितलेल्या धुपांत गुग्गुळ, अगरु, राळ, मोहरी यांबरोबर वेखंड व कडुनिंबाचा पाला आहे. पोथ्यांच्या रुमालांत हीं शेवटचीं दोन घालण्याची चाल संग्राहकांस ठाऊकच आहे. परंतु सुश्रुताचा सांगितलेला हेतु राक्षसांपासून रक्षण हा आहे. त्या जागीं जंतु हा शब्द घालण्याचा अधिकार आम्हांस नाहीं.

आतां मर्यादा. १८९७ सालीं पुण्यांत ग्रंथिक सन्निपाताची, म्हणजे प्लेगची, साथ असतां सावित्रीबाई फुले यांनीं दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांच्यासह रोग्यांची शुश्रूषा केली, व त्याच रोगानें १० मार्च १८९७ रोजीं त्यांचें देहावसान झालें. ‘अजुगुप्सु’ हें विशेषण इतकें सार्थ करणारें दुसरें उदाहरण आम्हांस सुचत नाहीं. पण रोगाचा मार्गच तेव्हां कोणास ठाऊक नव्हता. उंदरावरील पिसू हा रोग पसरविते हें सिमाँ यानें कराचीस १८९८ सालीं दाखविलें. सुश्रुताच्या यादींत निःश्वास आहे, पिसू नाहीं.

दुसरी उणीव याहून मोठी. निरोगी परिचारकाचा हातच एका रोग्याकडून दुसऱ्याकडे रोग नेतो, हें त्या यादींत नाहीं. वैद्यानें नखें कापलेलीं ठेवावीं असें सुश्रुत सांगतो, पण कारण देत नाहीं. तें कारण व्हिएन्ना येथें १८४७ सालीं सेमेलवाइस यानें शोधिलें. शवविच्छेदन करून प्रसूतिकक्षांत येणाऱ्या विद्यार्थ्यांस त्यानें क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यानें हात धुण्यास लाविलें. एप्रिलांत शेकडा १८ असलेलें सूतिकांच्या मृत्यूचें प्रमाण जूनांत शेकडा २ वर आलें.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शनांत हस्तशुद्धीचे पांच क्षण आहेत. तीन नंतरचे : रोग्यास स्पर्श केल्यावर, त्याच्या शरीरद्रवांशीं संबंध आल्यावर, त्याच्या भोंवतालच्या वस्तूंस हात लागल्यावर. यांतील शेवटचा वाचतांना सुश्रुताचीं शय्या, आसन व वस्त्र आठवल्यावांचून राहत नाहींत. उरलेले दोन अगोदरचे, रोग्यास स्पर्श करण्यापूर्वीं व निर्जंतुक क्रियेपूर्वीं. यांचें मूळ व्हिएन्नास शोधावें, आमच्या संहितांत नव्हे.

आम्ही हें धनज येथून लिहीत आहों. आमच्या तालुक्याचें ठिकाण कारंजा तेथील जैन भांडारांमुळें संशोधकांस परिचित आहेच. वऱ्हाडांत वैद्यांच्या घरच्या पोथ्याहि असूं शकतील. उपर्युक्त श्लोक माधवनिदानांतहि घेतलेला आहे. या दोहोंपैकीं कोणाची हस्तलिखित प्रत ज्यांच्या संग्रहीं असेल त्यांनीं कुष्ठप्रकरणाच्या शेवटच्या पानाचा समास पाहावा. तेथें एखाद्या वैद्यानें मराठींत टीप लिहिली असल्यास ती अक्षरशः उतरून मंडळाकडे पाठवावी. हे मार्ग प्रत्यक्ष शुश्रूषेंत पाळले जात होते किंवा नाहीं, हें अशा टिपांवरूनच ठरेल.