दडवलेली अन्विती : सूत्रबद्ध शब्दकोडे आणि अर्थनिर्णयाचा प्रश्न

प्रहेलिकेला संस्कृत साहित्यशास्त्राने काव्याच्या उंबरठ्यावरच थांबवले. दंडीने 'काव्यादर्शा'त तिचे 16 प्रकार सांगितले आणि गोष्ठीतील विनोद, गर्दीतील गुप्त संभाषण यांसाठी तिची उपयुक्तता मान्य केली. विश्वनाथाने मात्र 'साहित्यदर्पणा'त, ती रसाला अडथळा आणते म्हणून, तिला अलंकाराचे स्थानही नाकारले. विसाव्या शतकात इंग्लंडमध्ये वाढलेल्या सूत्रबद्ध गूढ शब्दकोड्याचा इतिहास हा निर्णय पुन्हा तपासण्यास भाग पाडतो.

21 डिसेंबर 1913 रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मध्ये आर्थर विन याचे पहिले शब्दकोडे छापले गेले. त्यातील संकेत शब्दकोशातल्या अर्थासारखे सरळ होते. इंग्लंडमध्ये 1920 नंतरच्या दशकात या संकेताचे स्वरूप पालटले. गूढ संकेताला दोन अंगे असतात : एक उत्तराची व्याख्या आणि दुसरे त्याच्या अक्षरांची घडण. वरवरचे वाक्य मात्र तिसरेच काही सांगत असते. मराठीत त्याची कल्पना अशी देता येईल : 'नव्या राज्याच्या आरंभी बोहल्यावर उभा राहिलेला'. वाचकाला येथे राजाचा विवाह दिसतो. प्रत्यक्षात 'नव' आणि 'राज्या'चा आरंभ 'रा' मिळून 'नवरा' हे उत्तर सिद्ध होते. वाक्याचा प्रतीयमान प्रसंग हा केवळ देखावा आहे, हे ओळखणे म्हणजेच उकल.

केवळ अशा संकेतांचे कोडे रूढ करण्याचे श्रेय एडवर्ड पॉइस मॅदर्स (1892–1939) याला दिले जाते. 'टॉर्केमाडा' हे स्पॅनिश धर्मन्यायाधीशाचे नाव घेऊन त्याने 1926 पासून 'ऑब्झर्व्हर'मध्ये कोडी रचली. हा लेखक मुळात कवी व अनुवादक होता. बिल्हणाच्या 'चौरपंचाशिके'चे 'ब्लॅक मॅरिगोल्ड्स' (1919) हे मुक्त रूपांतर त्याचेच. श्लेषप्रधान काव्यपरंपरेशी आलेला हा संबंध आणि त्याची कोडी यांत कार्यकारणभाव जोडण्याचे कारण नाही. परंतु कोड्याकडे साहित्यकृती म्हणून पाहण्याची त्याची वृत्ती उघड आहे. त्याच्या कोड्यांत पद्यमय संकेत येतात, साहित्यिक संदर्भांची दाटी असते आणि एखाद्या कोड्यातील सर्व उत्तरे एकाच विषयाभोवती गुंफलेली असतात. हा संदर्भव्यूह गृहीत धरणारा वाचक अर्थातच विशिष्ट शिक्षणातून घडलेला होता. कोड्याची दुर्बोधता ही येथे सामाजिक निवडही ठरते.

या स्वैरतेला नियमांची चौकट पुढील पिढीने दिली. 'अफ्रिट' या नावाने कोडी रचणाऱ्या ए. एफ. रिची याने 1949 मध्ये असा दंडक मांडला की, रचनाकाराचा अभिप्राय शब्दांच्या वरवरच्या अर्थाहून भिन्न असला तरी चालेल. मात्र तो त्याच शब्दांतून काटेकोरपणे निघाला पाहिजे. 1939 मध्ये टॉर्केमाडाच्या जागी आलेल्या डी. एस. मॅकनट ऊर्फ 'झिमेनीज' याने 1966 च्या ग्रंथात या दंडकाचे शास्त्र बनवले. वाचकाला फसवावे, पण अन्यायाने नव्हे, हा त्याचा मथितार्थ होय.

बी.बी.सी.च्या 'लिसनर' साप्ताहिकात 1930 पासून सुरू झालेल्या कोड्याने एकसूत्रतेला पराकोटीला नेले. साप्ताहिक 1991 मध्ये बंद पडले, तेव्हा हे कोडे 'टाइम्स'कडे गेले. या प्रकारात काही उत्तरांना संकेतच नसतात. चौकटीच्या इतर घरांतून त्यांची काही अक्षरे हाती येतात आणि त्यांच्यातील नाते उमगल्यावरच ती पूर्ण होतात. अवयवांवरून अवयवीचा तर्क आणि त्या तर्काच्या आधारे उरलेल्या अवयवांचे आकलन, हे अर्थनिर्णयशास्त्रातील वर्तुळ येथे पेन्सिलीने गिरवले जाते. फरक इतकाच की, साहित्यकृतीत हे वर्तुळ कधी पुरे होत नाही. कोड्यात ते पुरे होते आणि तेथेच कोडे संपते. विश्वनाथाच्या आक्षेपाचे बळही यातच आहे. उत्तर सापडल्यावर प्रहेलिकेत आस्वादण्यासारखे काही उरत नाही.

या आक्षेपाला 2013 मध्ये एक अपवाद घडला. जॉन ग्रॅहम (1921–2013) हे इंग्लंडच्या चर्चचे धर्मोपदेशक 1958 पासून 'गार्डियन'साठी कोडी रचत होते. 'अराउकारिया' हे त्यांचे टोपणनाव एका वृक्षाचे. इंग्रजीत त्या वृक्षाला 'माकडाचे कोडे' म्हणतात. जानेवारी 2013 मध्ये, वयाच्या 91 व्या वर्षी, त्यांनी एका कोड्याच्या माथ्यावर सूचना दिली : अराउकारियाला अमुक क्रमांकाचे अमुक क्रमांकाच्या जागी झाले असून अमुक उपचार सुरू आहेत. घरे भरता भरता सोडवणाऱ्याला कळले की, ते शब्द कर्करोग, अन्ननलिका आणि वेदनाशामक शुश्रूषा हे आहेत. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांचे निधन झाले.

हा परिणाम घटनेचा आहे, रूपबंधाचा नव्हे, असे म्हणता येईल. परंतु बातमी वाचणाऱ्याला ही माहिती आयती मिळाली; कोडे सोडवणाऱ्याने तो शब्द अक्षर अक्षर जुळवून स्वतःच्या हाताने चौकटीत लिहिला. अक्षरांचा खेळ म्हणून सुरू झालेली क्रिया त्याच क्षणी शोकात पालटली. उत्तर सापडले, पण अर्थ संपला नाही. येथे दडवलेली अन्विती चमत्कृतीपुरती न राहता व्यंग्याचे कार्य करते. हे सामर्थ्य पहिल्या वाचनापुरते आणि लेखकाची ओळख असलेल्या वाचकापुरते मर्यादित आहे, हेही मान्य केले पाहिजे.

रोलाँ बार्थने 1967 मध्ये लेखकाला संहितेच्या केंद्रातून दूर केले. शब्दकोड्याच्या वाचकाला ते स्वातंत्र्य कधीच नव्हते. रचनाकाराचा अभिप्राय हेच त्याचे गंतव्य. ही पराधीनता प्रहेलिकेचे न्यून मानली गेली. ग्रॅहम यांच्या कोड्यात मात्र तिच्यामुळेच वाचक एका माणसाच्या मृत्यूपर्यंत पोहोचतो. प्रहेलिका रसविरोधी असते, हे विधान म्हणून प्रकाराविषयी खरे मानले, तरी प्रत्येक कृतीविषयी ते नव्याने सिद्ध करावे लागेल.