टाचेखालचा ब्रेक

आता पायपर कब बघा. अमेरिकेत 1947 पर्यंत बनलेलं हे दोन आसनांचं विमान; महायुद्धाच्या काळात तिथले हजारो वैमानिक यावरच शिकले. आजचा वैमानिक यात बसला की पाय गोंधळतात. त्याला सवय चवड्याने ब्रेक दाबायची, इथे ब्रेक टाचेखाली! चवडा रडरवर ठेवून टाच आत वळवायची. अवघडच की. पण हे विमान उतरायचं गवतावर, तिथे ब्रेक लागायचेच कमी. त्याच जमान्यातल्या टायगर मॉथला तर ते नव्हतेच. आणि शेपटीला चाक असलेल्या विमानाचा भार मुख्य चाकांच्या मागे असतो. एकीकडचा ब्रेक जास्त लागला की विमान गर्रकन फिरतं, दोन्ही करकचून दाबले तर नाकावर उभं राहतं. म्हणून दिशा रडरने सांभाळायची. टाच लावायची ती वेग उतरल्यावर, हलकेच.